रोटरी इंजिन ‘मिसिंग’ का मारतं?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि तीन विषय वर्ज्य केले आहेत: नोकरी, मुलं आणि तब्येत. तिसरा विषय वर्ज्य केल्याबद्दल त्यांचे खास आभार, कारण सकाळपासून चहाच्या टेबलावर आपण गुडघे आणि शुगर यांच्या पुढे सरकलेलो नाही. नोकरी वगळली की माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट उरते. ऑकलंडला माझ्या घराच्या गॅरेजमध्ये १९९३ सालची माझदा आरएक्स-७ उभी असते. न्यूझीलंडमध्ये जपानहून वापरलेल्या गाड्या खूप येतात, तशीच ही आली. इंजिन रोटरी, वर दोन टर्बो. गेल्या वर्षी ती मिसिंग मारायला लागली आणि कारण सापडायला मला पाच शनिवार लागले. त्या पाच शनिवारांबद्दल बोलते. ज्यांना गाड्यांचं वावडं आहे त्यांनी खुशाल डुलकी काढावी. फक्त बाकावर डोकं टेकू नका, बाई बघताहेत.

आधी हे इंजिन काय आहे ते सांगते. तुमच्या-आमच्या गाडीत पिस्टन वर-खाली होतो. रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्हही नाहीत. कंबरेत जरा आत गेलेल्या अंड्यासारखी एक पोकळी असते आणि तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो. तो रोटर. पोकळीचा आकार मनाला येईल तसा काढलेला नाही. एक वर्तुळ स्थिर ठेवून त्याच्या बाहेरून दुसरं वर्तुळ न घसरता फिरवलं आणि त्या फिरत्या वर्तुळातल्या एका बिंदूचा माग काढला की ती वक्ररेषा मिळते. भूमितीच्या तासाला ‘याचा पुढे काय उपयोग’ असं आपण कुजबुजायचो ना, तर त्याचा उपयोग हा, सर.

त्रिकोणाची तिन्ही टोकं कायम भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे पोकळीचे तीन कप्पे होतात. फिरता फिरता प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, आणि हवा ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर फेकणं ही चारही कामं आळीपाळीने करतो. माझ्या गाडीत असे दोन रोटर आहेत, एक पुढे, एक मागे. प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणजे दोन्ही मिळून १३०८ सीसी. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गाडीएवढंच. पण टर्बोच्या जोरावर अडीचशेहून जास्त अश्वशक्ती काढतं.

कल्पना जर्मन, फेलिक्स वांकेल यांची. एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिलं इंजिन चाललं. पण त्या कल्पनेशी संसार केला तो हिरोशिमाच्या माझदाने. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर बसवले. त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते पोकळीच्या भिंतीवर उमटणाऱ्या आडव्या चऱ्यांनी. तिथली मंडळी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणायची. टोकावरची पट्टी भिंतीवर थरथरत फिरते म्हणून ते उठायचे. पट्टीचं साहित्य बदलून त्यांनी तो प्रश्न सोडवला आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. १९९१ साली चार रोटरच्या ७८७बीने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय. इतिहास एवढा पुरे.

महत्त्वाची आहे ती पट्टी. एपेक्स सील. माझ्या इंजिनात ती दोन मिलिमीटर जाड आणि साधारण आठ सेंटिमीटर लांब असते. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक, म्हणजे एकूण सहा. सगळ्या इंजिनाचा जीव त्या सहा पट्ट्यांत. तेलाच्या पातळ थरावरून त्या घसरत असतात, म्हणून हे इंजिन मुद्दाम थोडं तेल जाळतं. तेवढ्याने माझं समाधान होत नाही, म्हणून मी टाकी भरताना पेट्रोलमध्ये वेगळं थोडं तेल घालते. आपल्या वडिलांच्या स्कूटरमध्ये पंपावर टू-टी ऑइल घालायचे, अगदी तेच. ऑकलंडच्या पंपावर लोक वळून बघतात. मला मात्र घरची आठवण येते.

आता दुखणं. गाडी गरम झाली की सिग्नलला उभी असताना थरथरायची. शांत उभी असताना इंजिनाचे मिनिटाला ७०० ते ७५० फेरे हवेत. काटा तिथून खाली घसरायचा, गाडी बंद पडते की काय असं वाटायचं, मग परत वर यायचा. सायलेन्सरमधून मधूनच ‘फट्’. आणि दुसरी खोड: गरम गाडी बंद करून दुकानात जाऊन आलं की स्टार्टर नुसता फिरत राहायचा. एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलायला लागेल. खर्च माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढा.

त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. पट्ट्या झिजल्या की पहिली खूण हीच, गरम असताना चालू व्हायला त्रास. पण त्या खुणेला दुसरीही कारणं असतात, आणि त्यांनी गेज लावलाच नव्हता. निदान चुकलं तर दोन्हीकडून फटका. पट्ट्या ठीक असताना इंजिन खोललं तर पैसे पाण्यात. पट्टी खरंच जात असताना ‘बघू या चालवून’ म्हटलं तर एक दिवस ती तुटणार. तुकडा भिंत ओरबाडत फिरणार आणि धुराच्या वाटेने थेट टर्बोच्या पात्यात जाणार. इंजिन आणि टर्बो दोन्ही एका झटक्यात. म्हणून पहिल्या शनिवारीच एक नियम केला: उत्तर मिळेपर्यंत टर्बोला जोर लावायचा नाही. जोरात पळवताना मिस होतंय का हे बघायला परत परत पळवणं म्हणजे छातीत दुखतंय का बघायला जिने चढणं. (तब्येतीचा विषय वर्ज्य आहे, माफ करा.)

मिसिंग म्हणजे ठिणगी, पेट्रोल आणि दाब यांपैकी कशाची तरी अनुपस्थिती, हे कुठलाही मेकॅनिक सांगेल. पण संशयितांची यादी लांबलचक असते आणि ती एकेक करत तपासायला गेलं की माणूस सुट्या भागांवर पैसे उधळत बसतो. मी यादीला हात लावायच्या आधी काही प्रश्न विचारले. त्रास थंड असताना की गरम? रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी मिनिटभर एका रोटरवर धडपडते, पांढरा धूर सोडते आणि मग सुधारते, तर पाणी आत झिरपतंय, आतली पाण्याची सील गेली. माझी सकाळी शहाण्यासारखी चालू व्हायची. त्रास उभी असताना की टर्बोचा जोर आल्यावर? जोर आल्यावर आतली हवा इतकी दाटते की दुबळी ठिणगी विझते. तेव्हा प्लगची फट, जुनी कॉइल, जुन्या वायरी बघायच्या. माझा त्रास उभी असतानाचा. आणि तिसरा प्रश्न, ज्याने सगळं काम सोपं केलं: त्रास एका रोटरला की दोघांना?

हा प्रश्न एवढा कामाचा का, ते सांगते. या इंजिनात काही गोष्टी सामाईक आहेत आणि काही प्रत्येक रोटरच्या स्वतःच्या. एका रोटरला दोन प्लग, एक खाली, एक वर. खालचा आधी पेटतो, वरचा किंचित नंतर. दोन्ही रोटरचे खालचे प्लग एकाच कॉइलवर आहेत, वरच्यांना मात्र स्वतंत्र कॉइल. म्हणजे खालची कॉइल दमली तर दोन्ही रोटर आजारी पडणार. हवेचा दाब मोजणारा सेन्सर एकच. त्याची रबरी नळी तडकली तर कॉम्प्युटरला वाटतं हवा खूप येतेय, तो पेट्रोल ओततो, आणि तेही दोघांना. अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर सामाईक, इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर सामाईक, पंपही सामाईक. पण प्लग, त्याची वायर, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि त्या तीन पट्ट्या, हे ज्याचं त्याचं. एकच रोटर आजारी आहे असं कळलं की अर्धी यादी फाडून टाकता येते. दोनच रोटर असण्याचा हा फायदा. सहा सिलिंडरच्या इंजिनाला एवढं सरळ बोलता येत नाही.

प्लग काढले. पुढच्या रोटरचा खालचा प्लग कोरडा, तपकिरी. मागच्याचा काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. आपल्या स्कूटरचा प्लग ओला झाला की बाबा तो काढून फडक्याने पुसायचे आणि स्कूटर तिरकी करून किक मारायचे, आठवतंय ना? तेवढं ज्ञान इथे पुरलं. रोग मागच्या रोटरचा. मग दोन्ही प्लगची अदलाबदल केली आणि आठवडाभर गाडी हळू चालवली. काळेपणा प्लगबरोबर पुढे गेला नाही, मागेच राहिला. म्हणजे प्लग निर्दोष. पुढच्या शनिवारी वायरी नव्या घातल्या, स्वस्त असतात. फरक शून्य. एका वेळी एकच बदल, हे मी कामावर नव्या मुलांना सांगत असते. इथे ते स्वतः पाळायला फार जड जातं, कारण हात आत घातलाच आहे तर चार गोष्टी बदलून टाकू असं वाटतं.

राहिले दोन संशयित: इंजेक्टर आणि पट्ट्या. आता तो मोठा प्रश्न विचारायची वेळ आली.

रोटरीचं कॉम्प्रेशन साध्या गेजवर नीट कळत नाही. साधा गेज सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो, आणि एका रोटरचे तीन कप्पे एकाच भोकासमोरून जातात. दोन कप्पे मेलेले असले तरी तिसरा चांगला आकडा दाखवून जातो. म्हणून गेजमधली दाब धरून ठेवणारी छोटी झडप काढायची आणि काट्याच्या उड्या बघायच्या. इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण भरलेली हवी, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. आणखी एक खबरदारी, जी घाईत राहून जाते. ज्या रोटरमध्ये पेट्रोल साठलंय त्याच्या भिंतीवरचं तेल धुऊन गेलेलं असतं, आणि चांगल्या पट्ट्यासुद्धा तेव्हा गळतात. म्हणून आधी प्लग काढून स्टार्टरने ते पेट्रोल बाहेर फेकलं, दोन चमचे इंजिन ऑइल आत सोडलं, तेही फिरवून बाहेर काढलं, गाडी चालू करून गरम केली आणि मगच मोजलं.

गेजइतकाच मला कान आवडतो. प्लग काढलेल्या भोकातून प्रत्येक कप्पा जाताना एक फुंकर टाकतो. स्टार्टरवर शाफ्ट मिनिटाला साधारण २५० फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्याला एक फुंकर, म्हणजे सेकंदाला चार. तिन्ही कप्पे धडधाकट असतील तर ताल सरळ येतो. एक एपेक्स सील तुटली असेल तर? ती दोन कप्प्यांच्या मधली भिंत आहे, म्हणून दोन फुंकरा लुळ्या पडतात आणि एकच जोरात येते. बाजूची एखादी सील गेली असेल तर बहुधा एकच फुंकर लुळी पडते. म्हणजे इंजिन न खोलता, नुसतं ऐकून, आत कुठली पट्टी गेली याचा अंदाज येतो. मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि लॅपटॉपवर त्या आवाजाचा आलेख काढला, ही धंद्याची खोड. ऐका.

(इथे फोनवरची ध्वनिफीत ऐकवली.)

हा मागचा रोटर. फुप्, फुप्, फुप्, फुप्. एकही लंगडी नाही. गेजवर तिन्ही उड्या सारख्या आणि १०० पीएसआयच्या वर. पुढच्याचंही तेच. ते ऐकून मी गॅरेजच्या फरशीवर बसकण मारली आणि नवऱ्याला चहा करायला सांगितलं. तीन महिन्यांचा पगार वाचला होता.

आता एक फसवणूक सांगायची आहे. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने धुरातला ऑक्सिजन मोजणारा मीटर बसवलाय. पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण त्यावर दिसतं. १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हा पूर्ण ज्वलनाचा हिशोब. थरथरताना मीटर १६ च्या पुढे उडायचा, म्हणजे ‘हवा जास्त, पेट्रोल कमी’. आणि प्लग तर पेट्रोलने भिजलेला! दोघांपैकी एक खोटं बोलतोय असं वाटतं, पण तसं नाही. मीटरला पेट्रोल कळतच नाही, तो फक्त ऑक्सिजन मोजतो. मागच्या रोटरमध्ये पेट्रोल इतकं झालं की ते पेटेना. पेटलं नाही म्हणजे त्यातला ऑक्सिजनही न वापरता तसाच बाहेर आला. मीटरने तो मोजला आणि इमानदारीने सांगितलं की ऑक्सिजन जास्त आहे. त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवणारे लोक असतात. ते वाढवतात, प्लग आणखी भिजतो, मीटर आणखी वर जातो, ते आणखी वाढवतात. मला हा प्रकार कारस्थानासारखा वाटतो. मिसिंग चालू असताना मी त्या मीटरकडे बघतच नाही.

उरला इंजेक्टर. प्रत्येक रोटरला दोन असतात, एक लहान, एक मोठा. उभ्या गाडीत फक्त लहान काम करतो, मोठा जोर लागला की उघडतो. पेट्रोलच्या नळीवर दाबाचा गेज लावला, पंप चालवला, किल्ली बंद केली. दाब टिकायला हवा होता, पण काही मिनिटांत काटा झोपला. पेट्रोल कुठून तरी निसटतंय. मागे पंपाकडे, परतीच्या वाटेने टाकीकडे, की पुढे इंजिनात? गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने येणारी नळी आणि जाणारी नळी दोन्ही दाबून धरल्या. काटा तरी झोपला. आता मार्ग एकच, इंजिनाच्या आत. (हे काम करताना शेजारी आग विझवायचं सिलिंडर ठेवा आणि गॅरेजचं दार उघडं. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.)

आणि गरम गाडी चालू न होण्याचं कोडं इथेच सुटलं. गाडी बंद केली तरी नळीत दाब असतो. गळका इंजेक्टर दुकानातल्या त्या दहा मिनिटांत मागच्या रोटरमध्ये थेंब थेंब पेट्रोल सोडत राहायचा. परत येऊन स्टार्टर मारेपर्यंत तो रोटर पोहत असायचा. झिजलेल्या पट्ट्यांचं हुबेहूब सोंग. रात्रभर उभी राहिली की ते पेट्रोल उडून जायचं, म्हणून सकाळी तक्रार नाही.

चौथा शनिवार नुसता उघडण्यात गेला. इंजेक्टरपर्यंत पोहोचायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागतो, आणि त्याच्या खाली या गाडीचं कुप्रसिद्ध जंजाळ आहे. दोन टर्बो आळीपाळीने कामाला लावायला व्हॅक्यूमच्या कितीतरी बारीक नळ्या आणि सोलेनॉइड तिथे कोंबलेत. इंजिनाच्या धगीने त्या नळ्या वाळक्या शेंगांसारख्या होतात, हात लावला की तुटतात. मी प्रत्येक नळीला कागदाची चिठ्ठी चिकटवली, फोटो काढले, आणि निदान झालेलंच होतं म्हणून आता निर्धास्तपणे सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या घातल्या. ते काम किती कंटाळवाणं आहे हे सांगून तुमचा वेळ घेत नाही.

चारही इंजेक्टर तपासायला दिले. दाब देऊन बंद ठेवल्यावर तोंड कोरडं राहायला हवं. तीन कोरडे राहिले. मागच्या रोटरच्या लहान इंजेक्टरच्या तोंडाशी थेंब धरायचा, फुगायचा, पडायचा. परत धरायचा. दोन्ही लहान इंजेक्टर नवे, जुळीचे घेतले, कारण एक नवा आणि एक तीस वर्षांचा अशी जोडी लावली तर पुढचा मागच्याशी भांडणार.

पाचव्या शनिवारी संध्याकाळी गाडी चालू केली, गरम केली, बंद केली, वीस मिनिटं थांबले आणि परत किल्ली फिरवली. पहिल्या फेऱ्यात चालू. सिग्नलला आता काटा ७५० वर असतो. अगदी दगडासारखा स्थिर नाही. या इंजिनात धूर जायचं दार मिटायच्या आत हवा यायचं दार उघडतं, थोडा जुना धूर नव्या हवेत मिसळतो, त्यामुळे मंद चालीत एक बारीकशी धडधड राहतेच. तिला दुरुस्त करायला जाऊ नये. प्लगचंही तसंच. आता खाली ७ नंबरचे आणि वर ९ नंबरचे आहेत, कंपनीने सांगितल्याप्रमाणे. आटे सारखेच असल्यामुळे ते चुकून उलटे बसू शकतात, म्हणून मी डब्यांवर मराठीत ‘खाली’ आणि ‘वर’ लिहून ठेवलंय. शेजारचा किवी मुलगा मदतीला येतो, तो आता ही दोन अक्षरं वाचू शकतो.

जुना इंजेक्टर धुऊन-पुसून बरोबर आणलाय. बोटाच्या पेराएवढा आहे. चहाच्या वेळी मधल्या टेबलावर ठेवते, बघून घ्या. आणि ज्यांच्या गाड्या सिग्नलला थरथरतात त्यांनी आधी मला एवढंच सांगा, थंड असताना की गरम झाल्यावर.